पांढरी पूड, पण कुठल्या दगडाची?



दिवाळी जवळ आली की बचत गटांत रांगोळीचं काम सुरू होतं. पांढरी पूड घाऊक आणायची, चाळायची, रंग कालवायचा, पुड्या भरायच्या. पूड घेताना आपण भाव विचारतो. ती कुठल्या दगडाची, हेही विचारायला हवं.

पांढरे दगड सगळे सारखे नसतात. आपल्या काळ्या कातळात विहीर खणताना दोन पांढरे खडे हमखास निघतात, गारगोटी आणि कॅल्साइट. कॅल्साइट मऊ असतो. लोखंडी खिळ्याने त्यावर चरा पडतो. फुटला की तिरप्या, सपाट बाजूंचे तुकडे होतात. गारगोटीवर खिळा चालत नाही, उलट तीच काचेवर चरा पाडते. ती काचेसारखी वेडीवाकडी फुटते. चरा पडलासा वाटला, तर बोटाने पुसून बघा. पुसला गेला तर तो चरा नव्हे, नुसती भुकटी.

मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1812 मध्ये कठीणपणाची 1 ते 10 अशी उतरंड लावली. पावडरच्या डब्यातलं शंखजिरं 1, प्लॅस्टरचं जिप्सम 2, कॅल्साइट 3, गारगोटी 7. आपलं नख साधारण अडीच. म्हणून नखाने जिप्सम खरवडतं, कॅल्साइट नाही.

पूड कशी ओळखायची? चिमूटभर पुडीवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तीत कॅल्साइट आहे. मग काचेच्या दोन जुन्या तुकड्यांमध्ये थोडी पूड जपून घासा. काचेवर चरे उठले तर गारगोटी मिसळलेली असू शकते. बुडबुडे आले तरी ही दुसरी परीक्षा सोडू नका, कारण भेसळ असते.

एवढा खटाटोप कशासाठी? गारगोटीची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो. फुप्फुसं कडक होतात, दम लागतो, क्षयाचा धोका वाढतो. हा आजार बरा करणारं औषध नाही. गारगोटी काच बनवायला उत्तम, पण तिची धूळ श्वासात नको.

म्हणून चरे पाडणारी पूड परत करा, स्वस्त असली तरी. घरच्या परीक्षेने पूर्ण खात्री होत नाही, तेव्हा पूड कुठलीही असो, काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा. पदर बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क लावा. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. लेकरांना जवळ बसवू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीला एक लिंबू आणि काचेचे दोन तुकडे जरूर आणा.