उघडे दार, बंद दार आणि शेजारधर्म

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी वक्त्याने पूर्वजांच्या श्रद्धेचे गुणगान करावे व मंदिराच्या उभारणीचा इतिहास सांगावा, असा प्रघात आहे. ते कार्य आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून केलेच आहे. आम्ही आज एक अगदी घरगुती विषय आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे. घरात माणसे असताना घराचे दार आतून बंद ठेवावे की उघडे ठेवावे, हा तो विषय होय. हा पोलिसांचा प्रश्न आहे, धर्मगुरूंनी त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु घरांना आशीर्वाद देण्यासाठी वाड्यांतून व इमारतींतून फिरत असता हा प्रश्न आम्हांस इतक्या वेळा विचारण्यात आला आहे की, त्याचे उत्तर एकदा सर्वांसमक्ष देणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

एका घरी सासूबाई आम्हांस म्हणाल्या, "फादर, या घरात येऊन मला पन्नास वर्षे झाली. दिवसा आमच्या दाराला कडी कधी लागली नाही. आता सून भर दुपारी कडी लावून बसते. दारी आलेल्या माणसाला काय वाटत असेल? देवावर विश्वास म्हणून काही राहिला की नाही?" सून आतून पाणी घेऊन आली व नम्रपणे म्हणाली, "आई, तुम्ही दुपारी झोपता. घरात मी आणि तान्हे मूल. पूर्वी वाडीत येणारा प्रत्येक माणूस तुमच्या ओळखीचा होता. आता रोज दहा अनोळखी माणसे दारावरून जातात. मी काय करावे?" दोघींनीही निवाड्यासाठी आमच्याकडे पाहिले. आम्ही त्या दिवशी काही गोड बोलून वेळ मारून नेली, ही गोष्ट आम्ही येथे कबूल करतो. आज जे बोलत आहोत, ते त्या दोघींना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

प्रथम सासूबाईंचे म्हणणे पाहू. आपल्या वसईतील जुन्या घरांची दारे दिवसभर उघडी असत, हे खरे आहे. परंतु ती कशाच्या बळावर उघडी असत, याचा विचार आपण क्वचितच करितो. ओटीवर आजोबा बसलेले असत. अंगणात कोणी भाजीच्या जुड्या बांधीत असे, कोणी विहिरीवर पाणी ओढीत असे, केळीच्या बागेत कोणाचे तरी काम चाललेले असे. वाडीत नवखा माणूस शिरला की, "कोणाकडे जावयाचे?" हा प्रश्न त्यास चार ठिकाणी ऐकावा लागे. दार उघडे होते, कारण वाडीचे डोळे उघडे होते. तेव्हा चोर नव्हते असे नव्हे. राखणदार पुष्कळ होते, इतकेच.

आणखी एक गोष्ट महोत्सवाच्या आनंदातही विसरता कामा नये. त्या उघड्या दारातून सर्वच माणसे आत येत होती काय? भाताच्या लावणीस आलेला आदिवासी मजूर कोठे बसून जेवत असे? बहुधा अंगणात. दार त्याच्यासमोर उघडेच होते. परंतु उंबरठा ओलांडण्याचे त्यास धैर्य नव्हते, आणि तसे करण्यास आपणही त्यास सांगत नव्हतो. म्हणून कडी नसणे म्हणजेच आतिथ्य, असे समजून आपण पूर्वजांची थोरवी अकारण वाढवू नये.

आता सुनेचे म्हणणे पाहू. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत तिच्या हद्दीत बारा लक्षांहून अधिक लोक मोजले गेले. एकत्र कुटुंबे विभागली. पुत्र व स्नुषा दोघेही पहाटेची गाडी पकडून चर्चगेटच्या दिशेने जातात व रात्री परततात. ओटीवर बसणारे आजोबा आता तिसऱ्या मजल्यावर एकटे असतात. ज्या डोळ्यांच्या भरवशावर दार उघडे राहत होते, ते डोळे नाहीसे झाल्यावर दारही तसेच उघडे राहावे असे म्हणणे, हा श्रद्धेचा नव्हे तर अविचाराचा मार्ग होय. विवेक हा चार मूलभूत सद्गुणांपैकी एक आहे, असे आपली धर्ममाता शिकविते.

पवित्र शास्त्रही कडीचा निषेध करीत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात मध्यरात्री भाकरी मागावयास आलेल्या मित्राचा दृष्टान्त आहे. घरधन्याने दार लावून घेतले आहे, मुले निजली आहेत. प्रभू त्यास दार लावल्याबद्दल दोष देत नाही. तो अखेरीस उठतो की नाही, एवढेच प्रभू पाहतो. पुनरुत्थानानंतर शिष्य भयाने दारे लावून बसले होते, असे योहान सांगतो. प्रभूने त्यांना दर्शन दिले, आणि आठ दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हाही दारे बंदच होती. त्याने त्यांना दारांवरून रागे भरले नाही. शांती दिली, आणि पुढे जगात पाठविले. तेव्हा दार लावणाऱ्या सुनेने आपण काही पाप करितो असे मनात आणू नये. अनोळखी माणसास दार न उघडता जाळीतून "कोण? काय काम आहे?" असे विचारणे हा अपमान नव्हे. सज्जन माणूस त्याने दुखावत नाही. आणि आपणां सर्वांस स्मरत असेल की, २०२० साली साथीच्या दिवसांत आपली घरेच काय, मंदिरेही बंद होती. त्या वेळी दार लावणे हीच शेजाऱ्यावरील प्रीती होती.

येथवर आम्ही सुनेच्या बाजूने बोललो. परंतु कडीलाही एक दोष आहे, आणि तो आम्ही स्वतःच्या अपराधातून शिकलो आहोत.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक होतो. त्या पावसाळ्यात मंदिराची दानपेटी फोडली गेली. प्रमुख धर्मगुरू सुटीवर होते व चाव्या आमच्या हाती होत्या. आम्ही नवखे व उत्साही. धर्मगुरूनिवासाच्या फाटकास रात्री आठ वाजता कुलूप घालावे, असा आम्ही हुकूम केला. फाटकावर घंटा नव्हती. ती बसवावी, हे आमच्या ध्यानात आले नाही. दूरध्वनी होता, तो खाली कचेरीत. आम्ही वर निजत असू. त्याच आठवड्यात एका रात्री दोनच्या सुमारास, मुसळधार पावसात, एक तरुण फाटकाशी आला. त्याचे वडील अत्यवस्थ होते आणि त्यांनी तैलाभ्यंगासाठी धर्मगुरूंना बोलाविले होते. त्याने हाका मारिल्या, फाटक वाजविले. पावसाच्या आवाजात आम्हांस काही ऐकू आले नाही. तो परत गेला. पहाटे चार वाजता वडील वारले.

सकाळच्या मिस्साआधी तो मंदिरात आला व दफनाची वेळ विचारू लागला. सर्व हकिकत कळल्यावर आम्हांस शब्द सुचेना. तोच आम्हांस म्हणाला, "फादर, तुम्ही दमला असाल, म्हणून मी जास्त हाका मारल्या नाहीत."

परमेश्वराची दया कोणाच्या फाटकाशी अडून राहत नाही, अशी आमची श्रद्धा आहे, आणि त्या सज्जन वृद्धाच्या आत्म्याविषयी आम्ही निश्चिंत आहो. परंतु त्या तरुणाचे ते वाक्य आम्ही आजवर विसरू शकलो नाही. आमचे कुलूप चोरासाठी होते. अडविला मात्र लेकरू. त्याच दिवशी आम्ही फाटकावर घंटा बसविली व तिची तार आमच्या खाटेच्या उशाशी आणली. कुलूप काढले नाही. कुलूप चुकीचे नव्हतेच. कुलपामागे ऐकणारा कोणी नव्हता, ही चूक होती.

ही गोष्ट धर्ममातेने फार पूर्वीच ओळखिली आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या सहासष्टाव्या अध्यायात मठाच्या दाराविषयी आज्ञा आहे. दार बंद असणार, हे तीत गृहीतच आहे. परंतु त्याच्याशेजारीच एका सुज्ञ, वयोवृद्ध बंधूची खोली असावी. कोणी दार ठोठावताच, किंवा गरिबाने हाक देताच, त्याने देवाचे आभार मानून तत्काळ उत्तर द्यावे. १९८३ च्या धर्मसंहितेतही असाच समतोल आहे. ९३७ वे कलम म्हणते की, ज्या मंदिरात ख्रिस्तशरीर ठेविलेले असते, ते गंभीर कारण नसेल तर दररोज निदान काही तास भाविकांसाठी उघडे असावे. आणि लगेच पुढले ९३८ वे कलम म्हणते की, ज्या मंजूषेत ख्रिस्तशरीर ठेवितात ती भक्कम असावी, बंद असावी, व तिची किल्ली अत्यंत काळजीपूर्वक जपावी. एकाच छपराखाली उघडे दार आणि कुलूपबंद मंजूषा! जे अमूल्य आहे ते जपावयाचे, आणि जो येतो त्यास भेटावयाचे. या दोन्ही आज्ञा एकत्र नांदू शकतात.

नुसत्या कडीने घर राखले जाते, हाही भ्रमच आहे. आपल्या वसईच्या किल्ल्यास जमिनीकडे एक व समुद्राकडे एक अशी बळकट द्वारे होती. तथापि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंगांनी बुरुजास खिंडार पाडिले आणि आतील सैन्य शरण आले. दाराच्या बळकटीवर सारी भिस्त ठेवणाऱ्याने भिंतींचाही विचार करावा. आणि आपल्या घराची खरी भिंत म्हणजे शेजारी होय.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. घरात वृद्ध माणूस एकटे असेल, तर त्याने दिवसा आतून कडी किंवा बोल्ट न लाविता बाहेरून किल्लीने उघडणारे लॅच लावावे. आतील कडी बाहेरून निघत नाही. म्हातारे माणूस पाय घसरून पडले, तर शेजाऱ्यांना दार फोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि त्यात मोलाचा वेळ जातो. लॅचची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. आपली किल्ली आतून कुलपात अडकवून ठेवू नये. काही कुलपांत मग बाहेरची किल्ली चालत नाही. न्हाणीघराची कडी तर वृद्धांनी लावूच नये. घरच्यांनी दार ठोठावून जाण्याची सवय करावी.

दुसरी गोष्ट. रात्री दारास आतून कुलूप घालणाऱ्यांनी त्याची किल्ली दाराजवळ, परंतु खिडकीतून हात पोहोचणार नाही अशा ठरलेल्या खुंटीस टांगावी, व ती जागा मुलांसही ठाऊक असावी. आग लागली असता धुरात किल्ली शोधीत बसणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय.

तिसरी गोष्ट. प्रत्येक वाडीने व प्रत्येक इमारतीने आपल्यातील एकट्या राहणाऱ्यांची यादी करावी, आणि दररोज सायंकाळी रोझरीच्या वेळेपूर्वी कोणी तरी त्यांचे दार ठोठवावे. दोन शब्द बोलावे आणि परतावे. यास पैसा लागत नाही, समिती लागत नाही. यादीत धर्माचा भेद करू नये. शेजारी हिंदू असो की मुसलमान असो, पडल्यावर लागणारा मार सर्वांस सारखाच आहे.

चौथी गोष्ट आमच्यासाठी. या धर्मग्रामाच्या निवासास रात्री कुलूप असते, आणि ते असेच राहील. परंतु फाटकावरील घंटा आमच्या खोलीत वाजते. ती वाजविण्यास कोणी संकोचू नये. आम्ही दमलो असू, असा विचार कृपा करून कोणी करू नये.

त्या सासूबाई आज या सभेत बसल्या आहेत की नाहीत, हे आम्हांस दिव्यांच्या उजेडात दिसत नाही. असल्यास त्यांनी सुनेला दुपारची कडी लावू द्यावी. ती कडी त्यांच्या नातवासाठी आहे. आणि सुनेने कडी लाविल्यावर बाहेरची हाक ऐकू येईल इतक्या जवळ बसावे, व आपली एक किल्ली पलीकडल्या घरी देऊन ठेवावी. किल्ली देण्याइतका विश्वासाचा शेजारी नसेल, तर तसा शेजारी मिळविणे हे या महोत्सवी वर्षातील आपले पहिले व्रत समजावे. त्यासाठी प्रथम आपणच कोणाचा तरी तसा शेजारी व्हावे लागेल.

२०२५ च्या पवित्र वर्षाच्या आरंभी, २४ डिसेंबर २०२४ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी रोम येथे संत पेत्राच्या महामंदिराचे पवित्र दार उघडिले. ते दार सामान्यतः पंचवीस वर्षांतून एकदा उघडते, आणि वर्ष सरले की पुन्हा बंद होते. आपल्या घराचे दारही दिवसातून अनेकदा बंद होईल व अनेकदा उघडेल. ते ज्याच्यासाठी उघडावयास हवे, तो हाक मारील तेव्हा ती हाक ऐकण्याची कृपा परमेश्वर बाप आपणां सर्वांस देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.