पडद्यावरचा वाद आणि यादीतले नाव

(युवक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



१९९६ च्या मे महिन्यात अटलबिहारी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावरील चर्चा दूरदर्शनने लोकसभेतून थेट प्रक्षेपित केली. तेरा दिवसांत ते सरकार पायउतार झाले. परंतु घराघरांतील तरुणांनी सत्ताधारी आणि विरोधक या दोघांचीही भाषणे सलग ऐकली. पराभव समोर दिसत असतानाही युक्तिवाद संयमाने मांडायचा असतो, हा संस्कार त्यांना मिळाला.

आज रात्री पडद्यावर सहा-आठ चौकटी उघडतात. एकाचे वाक्य पुरे होण्याआधीच दुसरा ओरडू लागतो. या चर्चांचा सरसकट निषेध मला करावयाचा नाही. राजकारणाचा विषय त्यांनी सामान्य घरांत पोहोचविला, हे मान्यच केले पाहिजे. चिंता निराळीच आहे. वाद पाहिला की आपले कर्तव्य पार पडले, असे समाधान तरुणाला वाटू लागते.

माझ्या परिचयातील एक तरुण प्रत्येक पक्षाच्या प्रवक्त्याची बाजू तोंडपाठ सांगतो. २०२४ च्या लोकसभा मतदानादिवशी तो भेटला, तेव्हा कळले की मतदारयादीत त्याचे नावच नाही. त्याच्या बुद्धीत उणीव नव्हती. नाव नोंदविण्याची निकड त्याला एकाही चर्चेने जाणवू दिली नव्हती, इतकेच.

मित्रहो, १९८९ साली एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. २०२२ पासून नावनोंदणीसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक आहेत. सतरा वर्षे पूर्ण होताच नमुना ६ भरून आगाऊ अर्जही करता येतो. आणि एका मताने काय होते, असे कोणी विचारलेच, तर १७ एप्रिल १९९९ हा दिवस आठवावा. त्या दिवशी लोकसभेत २६९ विरुद्ध २७० मतांनी केंद्र सरकार कोसळले.

चर्चा अवश्य पाहा. ज्याचे मत पटत नाही, त्याचे म्हणणे अधिक लक्षपूर्वक ऐका. त्यानंतर आपल्या गावाच्या ग्रामसभेत जाऊन बसा. पाण्याच्या योजनेचा हिशेब विचारा. तेथे निवेदक नसतो, टाळ्याही नसतात. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच गल्लीतील नळाला येते.

आज घरी गेल्यावर प्रथम मतदारयादीत आपले नाव पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.