गंगाखेडात ‘जनाबाई’ नाव कोण ठेवणार?

(परभणी येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



माझा जन्म शाळेत गेला. त्यामुळे बारसं जवळ आलं की ‘बाई, एखादं नाव सुचवा’ म्हणत घरी येणारे बरेच. मुलीचं बारसं असलं की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : जुन्या वळणाचं नाव आजच्या लेकराला शोभेल का? विचारते बहुधा बाळाची आई, आणि विचारताना शेजारी बसलेल्या आजीकडे ती बघत नाही. घरात आधी बोलाचाली झालेली असते. आजी म्हणालेली असते, ‘माय, माझ्या सासूनं लई केलं या घरासाठी, तिचं नाव राहू द्या.’ आणि सासूचं नाव असतं कौसाबाई, नाहीतर धुरपताबाई. आईला ते जिवावर येतं. तिला मी दोष देत नाही. वर्गात बसायचं आहे ते तिच्या लेकीला.

आज मी हा प्रश्न एकाच नावावर तोलून पाहणार आहे. ते नाव जनाबाई.

जनाबाई आपल्या गंगाखेडची. परंपरा सांगते की वडील दमा, आई करुंड. पोर लहानपणीच पंढरपूरला संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी राहिली आणि त्या कुटुंबात तिने जन्मभर राबणूक केली. दळण, कांडण, पाणी, शेण्या. हे सगळं करता करता तिने रचलेले तीनशेहून अधिक अभंग आज तिच्या नावावर आहेत. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचं जातं म्हणून जे दाखवतात, त्याला वारकरी आजही हात लावून पुढे जातात. अरुण कोलटकरांसारख्या कवीला तिचे अभंग इंग्रजीत न्यावेसे वाटले. गंगाखेडात तिचं देऊळ आहे. आपण देवळात हात जोडून घरी येतो आणि पाळण्यात नाव ठेवतो आराध्या. आराध्या वाईट नाव आहे असं मी म्हणत नाही. पण जनाबाई सुचवून पाहा, घरातली माणसं आधी हसतात, मग म्हणतात, ‘फारच जुनं हो.’

जुनं? मुक्ता हे नाव आज सुशिक्षित घरांत आवडीने ठेवतात. मुक्ताबाई आणि जनाबाई एकाच काळातल्या. मीरा तर सोळाव्या शतकातली, म्हणजे जनाबाईच्या कितीतरी नंतरची. पण मीरा नवी वाटते आणि जना जुनी. सई चालतं, जिजा चालतं, राही चालतं. ही सगळी नावं ‘बाई’ गाळून पुन्हा पाळण्यात आली. मग जना का नाही? मला याचं एकच उत्तर दिसतं आणि ते मी स्पष्ट बोलते. मुक्ता ज्ञानेश्वरांची बहीण, मीरा राजघराण्यातली, सई शिवाजी महाराजांची राणी. जना मात्र दळण दळणारी होती. आपण वयाचं कारण पुढे करतो, पण खरी लाज आपल्याला कष्टाची वाटते. ज्या नावाला पिठाचा आणि शेणाचा वास आहे, ते नको असतं.

वयाचं कारण किती लटकं आहे ते आपल्याच शहरात फिरलं तरी कळेल. मुस्लिम घरांत आयशा, फातिमा, खदिजा ही नावं चौदाशे वर्षांपासून चालत आली आहेत. तिथे कुठल्या आईला फातिमा नाव जुनाट वाटत नाही, कारण ते कुणाचं नाव आहे हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. बौद्ध वस्त्यांत जा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तिथे सुजाता, यशोधरा, संघमित्रा, महामाया अशी नावं घरोघर आली. ही तर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची. पण ज्यांनी ती घेतली त्यांच्यासाठी ती अगदी नवी होती, कारण ती त्यांनी स्वतः निवडली होती. शूद्राचं नाव किळस वाटेल असं असावं, असं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलेलं आहे. ते ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं, त्यांनी पहिल्या संधीला लेकरांची नावं बदलली. नाव म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावं.

म्हणून जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणणार नाही. काही नावं परत येताच कामा नयेत. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली. त्या मुलींचं नाव काय होतं? नकुसा. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून नको असलेली. आपल्या मराठवाड्यातही अशा नावाच्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. सिंधूताई सपकाळांचं जन्माचं नाव चिंधी होतं. ज्या बाईने पुढे हजारो लेकरांना मायेचं छत्र दिलं, तिला जन्मतःच फाटकं फडकं म्हणून हाक मारली गेली. अशी नावं पणजीची असली तरी तिथेच थांबवावीत.

दगडाबाई, धोंडाबाई यांची गोष्ट थोडी वेगळी. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून वाईट नजर लागू नये अशा भीतीने ती ठेवलेली. त्या नावात आईबापांचा जीव अडकलेला असे. निजामाच्या रझाकारांविरुद्ध उभ्या राहिलेल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या. त्या नावापुढे मी मान झुकवते. पण आज दवाखाने आहेत, लसी आहेत. लेकरू जगावं म्हणून त्याला दगड म्हणायची गरज उरली नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नका. आपल्याकडे मुलीचं नाव तिचं नसायचंच. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने नवं नाव लिहायचं, की माहेरचं नाव संपलं. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई आधी गोदूबाई होत्या. तांदळातल्या त्या अक्षरांनी किती यमुना आणि किती गोदा पुसल्या असतील! आता काळ पालटला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या सरकारी कागदांवर आधी त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा नियम महाराष्ट्रात झाला. म्हणजे आज तुम्ही पाळण्यात जे नाव ठेवाल, ते उद्या तिच्या लेकराच्या दाखल्यावर दुसऱ्या जागी असेल.

आता वर्गातल्या चिडवण्याचं. ते होतं, आणि पोरीला ते लागतं. माझ्या पाचवीच्या वर्गात गोदावरी नावाची मुलगी होती. जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या पाळीची चर्चा घरोघर चालली की पोरं ‘गोदे, कॅनॉलला पाणी सोड’ म्हणून तिच्यामागे लागायची. एकदा मी भूगोलाच्या तासाला नकाशा टांगला आणि नदी दाखवायला तिलाच उठवलं. तिने त्र्यंबकच्या डोंगरावर बोट ठेवलं आणि निघाली : नाशिक, पैठण, मग आपली पाथरी, गंगाखेड, पुढे नांदेड, आणि तेलुगू मुलखातून थेट समुद्रापर्यंत. १,४६५ किलोमीटर. बोट एकदाही उचललं नाही. पोरांनी चिडवणं सोडलं असं नाही, पण त्या दिवसानंतर ती रडत माझ्याकडे आली नाही. लेकराला जुनं नाव दिलंत तर त्याची गोष्टही त्याच्या हाती द्या. गोष्ट सांगायला घरात कुणाला सवड नसेल, तर जुनं नाव देऊ नका. ते मग नुसतं ओझं होतं.

आणि अर्धवट करू नका. आजीचं मन राखायला पाळण्यात एक नाव, दाखल्यावर दुसरं, ही आपली जुनी पळवाट आहे. पूर्वी तिला कारण होतं. सासूचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही, मग लेकीला हाक कशी मारणार? आता सुना नाव घेतात. नाव ठरवायची घाईही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण बाळाचं नाव वर्षाच्या आत फी न भरता घालता येतं. तेव्हा दोन महिने घरात त्या नावाने हाक मारा. अंगणातून मारा, रागात मारा, लाडात मारा. जना, जनी, जनाई, जे तोंडात बसेल ते. नाव शोभतं की नाही ते तुमच्याच कानांना कळेल.

माझा निवाडा मी सांगते. शोभेल. पणजी नकुसा असेल तर ते नाव तिच्याबरोबर जाऊ द्या आणि तिच्या कष्टाची आठवण दुसऱ्या नावाने ठेवा. पण गोदावरी, कौसल्या, द्रौपदी, मुक्ता, आणि त्या नामदेवांच्या घरातल्या गोणाई, राजाई, लिंबाई, ही नावं आपल्या लेकींना शोभतील. जनाबाई तर सगळ्यांत आधी. यंदा गंगाखेडात, सोनपेठेत, पालममध्ये कुणाच्या घरी मुलगी झाली, रास मकर निघाली आणि गुरुजींनी ‘ज’ अक्षर काढून दिलं, तर नगरपालिकेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या अर्जावर जनाबाई लिहा. पूर्ण लिहा, ‘बाई’सकट.