दोन लेकी आणि आमचा रविवार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त ‘कुटुंब आणि धर्म’ या विषयावर दिलेल्या भाषणाचा पाठ)



या विषयावर मी बोलावे असा निरोप विश्वस्तांकडून आला, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी पंडित नाही आणि व्याख्याताही नाही. बी.कॉम. होऊन वडिलांच्या गादीवर बसलेला आणि गेली चाळीसहून अधिक वर्षे कापड मोजत आलेला एक व्यापारी आहे. त्यावर विश्वस्त म्हणाले, ‘‘शास्त्रावर बोलायला पंडितजी आहेत, तुम्ही आपल्या घराविषयी बोला.’’ म्हणून आज घराविषयीच बोलणार आहे. माझ्या घरात दोन मुली वाढल्या. थोरली १९८८ सालची, धाकटी १९९१ सालची. त्यांच्या लहानपणाच्या गोष्टी मी सांगणार आहे, आणि आजवर कोणासमोर न सांगितलेली एक गोष्टही सांगणार आहे.

आपल्या घरांतून सूर्यास्तापूर्वी जेवण्याची रीत आहे. ती चांगलीच आहे, परंतु कापड दुकानदाराच्या घरात तिचा एक परिणाम होतो, तो कोणी बोलून दाखवत नाही. कार्तिक-मार्गशीर्षात सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि गिऱ्हाइकांची खरी गर्दी त्याच वेळी असते. त्यामुळे माझा डबा दुकानात येई. गादीच्या मागे, ताक्यांच्या आडोशाला बसून मी चार घास खाई. रात्री नऊला दुकान बंद करून, रोजमेळ लिहून घरी पोहोचेपर्यंत मुली झोपलेल्या असत. सकाळी त्या शाळेच्या गडबडीत आणि मी पूजेच्या. पेठेची साप्ताहिक सुट्टी आणि शाळेची सुट्टी यांचा वारही एक नव्हता. वर्षानुवर्षे मी माझ्या मुलींबरोबर एका पंगतीला जेवलो नव्हतो, आणि त्यात काही चुकते आहे असे मला वाटतही नव्हते.

धाकटी बालवाडीत जाऊ लागली, तेव्हा एकदा बाईंनी प्रत्येक मुलाला घरी कोण कोण असते ते विचारले. हिने आई, आजी, आजोबा, ताई अशी नावे सांगितली. ‘‘आणि वडील?’’ असे बाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘अण्णा दुकानात राहतात.’’ बाईंनी ही गोष्ट हसत हसत सौ.ना सांगितली, सौ.नी मला सांगितली. त्या रात्री मला हसू आले नाही.

पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता मी वडिलांना म्हणालो, ‘‘आजपासून रविवारी तिसऱ्या प्रहरानंतर मी दुकानात नसेन.’’ रविवार हा खेड्यांवरून येणाऱ्या गिऱ्हाइकांचा दिवस. वडिलांनी चष्म्यावरून पाहिले आणि इतकेच म्हणाले, ‘‘धंदा पोरखेळ नव्हे.’’ त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. परंतु रविवार सुरू झाला, तो मुली मोठ्या होईपर्यंत चुकला नाही.

त्या रविवारांत विशेष असे काय होते? काहीच नाही. स्कूटरवर थोरली पुढे उभी, धाकटी आम्हा दोघांच्या मधे आणि सौ. मागे, असे आमचे बिऱ्हाड निघे. कधी आमराईत, बहुधा कृष्णेच्या घाटावर. १९२९ सालच्या आयर्विन पुलाच्या कमानी मोजणे हा थोरलीचा आवडता उद्योग. धाकटीला पाण्यापेक्षा घाटावरच्या शेळ्यांचे अधिक कौतुक. भेळवाला आम्हाला ओळखत असे, लांबून पाहूनच तो कांदा बाजूला सारी. दिवस मावळण्याच्या आत भेळ संपली पाहिजे, म्हणून मुली सूर्याकडे आणि कागदाकडे आळीपाळीने पाहत घाईघाईने खात. व्रत म्हणजे काय हे त्यांना मी कधी समजावून सांगितले नाही. त्या धाकधुकीच्या खेळातून ते आपोआप अंगी लागले.

पावसाळ्यात घाट बंद. मग दुकानाच्या माळ्यावर त्यांचे राज्य. कटपिसांचे तुकडे जोडून बाहुलीचा परकर शिवायचा आणि लाकडी मीटरने एकमेकींना मोजायचे. थोरलीने दशांश अपूर्णांक शाळेच्या आधी त्या मीटरवर शिकले. सव्वा मीटर म्हणजे एक पूर्णांक पंचवीस, हे तिला ब्लाऊजपिसाने शिकवले. तिचे अक्षर वळणदार झाले, ते पुठ्ठ्यांवर भाव लिहून.

त्या वेळी मला वरचेवर आदिपुराणातील प्रसंग आठवे. भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना, ब्राह्मी आणि सुंदरी यांना, जवळ बसवून विद्या दिली. ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले. आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. पुत्र पुष्कळ असताना लिपी आणि गणित या दोन मूळ विद्या प्रथम मुलींना मिळाल्या, असे आपली परंपरा मानते. हे मी प्रवचनात अनेकदा ऐकले होते, पण त्याचा अर्थ मला माळ्यावर, चिंध्यांच्या पसाऱ्यात उमगला.

दिवाळीच्या अथवा उन्हाळ्याच्या सुट्टीत कुंभोजच्या बाहुबलीला जाणे ठरलेले. तेथील गुरुकुल समंतभद्र महाराजांनी १९३४ साली सुरू केले, आणि अठ्ठावीस फुटी संगमरवरी मूर्तीची प्रतिष्ठापना १९६३ सालची. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म कुंभोजचाच, १८८७ सालचा, हे मी मुलींना दरवेळी सांगे आणि त्या दरवेळी ‘‘माहीत आहे, अण्णा’’ म्हणत. मूर्तीच्या पायांवर चढलेल्या वेली पाहून धाकटीने एकदा विचारले, ‘‘यांच्या अंगावरचा वेल कोणी काढत का नाही?’’ मी तिला कथा सांगितली. बाहुबली वर्षभर उभे राहिले, तरी मनात एक शल्य उरले होते. आपल्या परंपरेप्रमाणे भरत चक्रवर्ती येऊन नमन करतो आणि ते शल्य जाते. आपले श्वेतांबर बंधू ही कथा निराळी सांगतात. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी येऊन त्यांना हत्तीवरून खाली उतरायला सांगतात. हत्ती तर दिसत नाही! मग बाहुबलींना उमगते की हा हत्ती अभिमानाचा आहे. धाकटी लगेच म्हणाली, ‘‘मग बहिणींचीच गोष्ट बरोबर.’’

आमच्या घरी दशलक्षण पर्व काटेकोर पाळले जाई. धाकटी सात वर्षांची असताना थोरलीच्या बरोबरीने एकाशन करायचे म्हणून हटून बसली. संध्याकाळी आजीने तिचे कौतुक केले, बस्तीत चारचौघांनी पाठ थोपटली. उत्तम सत्य धर्माच्या दिवशी प्रवचन ऐकून घरी आली आणि देवघरासमोर रडत उभी राहिली. एकाशनाच्या दिवशी तिने माळ्यावर बसून दोन बिस्किटे खाल्ली होती. कोणीही पाहिले नव्हते, कोणी विचारलेही नव्हते. मी तिला जवळ घेतले, पण त्या क्षणी मला तिच्या डोळ्यांकडे पाहवेना. सात वर्षांच्या मुलीला जे जमले ते मला जमले नव्हते. ते आज सांगतो.

थोरली झाली तेव्हा आमच्या गल्लीत बर्फी वाटली गेली. पेढे मुलाचे, बर्फी मुलीची, ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या वेळी सौ.ना दिवस गेले तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन परगावच्या एका ठिकाणाचे नाव सांगितले. तेथे आधी ‘तपासून’ घेता येते, आणि पुढचेही पाहता येते. महाराष्ट्रात या चाचणीविरुद्धचा कायदा १९८८ सालीच झालेला होता. मी शिकलेला माणूस, मला ते ठाऊक होते. तरीही मी सौ.ना घेऊन एस.टी.त बसलो. त्या बाकावर आम्ही अर्धा तास बसलो होतो. सौ. माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाल्या, ‘‘घरी आपण पाणी गाळून पितो. इथे काय करायला आलो आहोत?’’ आणि त्या उठल्या. मीही उठलो. मला धर्म आठवला म्हणून मी उठलो असे सांगितले तर ते असत्य होईल. त्या उठल्या म्हणून मी उठलो. परतीच्या गाडीत आम्ही एक शब्दही बोललो नाही. काही महिन्यांनी धाकटी जन्मली.

ही गोष्ट मी धाकटीची परवानगी घेऊन येथे सांगत आहे. गेल्या महिन्यात तिला प्रथम सांगितली. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, ‘‘अण्णा, मला सांगितलंत, आता सभेतही सांगा.’’

माझ्या आईविषयी एक सांगितले पाहिजे. नातू हवा ही तिची मोठी आस होती, आणि धाकटीला तिने पहिली काही वर्षे फारसे जवळ घेतले नाही. १९९७ च्या दिवाळी सुट्टीत आम्ही सर्वजण श्रवणबेळगोळला गेलो. विंध्यगिरीच्या कातळात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या. आईसाठी डोली करू म्हटले, तर तिने ऐकले नाही. सहा वर्षांची धाकटी आजीचा हात धरून मोजत मोजत चढू लागली. आई थांबली की ती थांबे, आणि म्हणे, ‘‘आजी, आकडा लक्षात ठेव हं, नाहीतर पहिल्यापासून चढावे लागेल.’’ आकडा अर्थातच चुकला. मी मागून पाहत होतो. आईचा सगळा भार त्या लहान हातावर होता.

वर सत्तावन्न फुटी गोमटेश्वरासमोर आई पुष्कळ वेळ हात जोडून उभी राहिली. थोरलीला मी मूर्तीच्या पायांजवळचा, दहाव्या शतकातील चामुंडरायाचे नाव सांगणारा मराठी शिलालेख दुरून दाखवला. आपली भाषा इतकी जुनी, इतक्या दूर, याचे तिला नवल वाटले. आईने तेथे काही बोलून दाखवले नाही. मात्र घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी तिने मला दोन किलो पेढे आणायला सांगितले. कशाबद्दल, असे विचारले तर म्हणाली, ‘‘धाकटीचे राहिले होते.’’ सहा वर्षांनी तिने ते स्वतः गल्लीत फिरून वाटले.

बंधू-भगिनींनो, हे केवळ माझ्या घराचे असते तर मी सभेचा वेळ घेतला नसता. २००१ च्या जनगणनेत आपला समाज साक्षरतेत देशात पहिला होता. शंभरातील नव्वदहून अधिक जैन स्त्रिया साक्षर होत्या. त्याच जनगणनेत सहा वर्षांखालील जैन बालकांत हजार मुलांमागे मुली होत्या ८७०, तर देशाची सरासरी ९२७ होती. २०११ साली आपला आकडा ८८९ झाला, तरीही देशाच्या सरासरीहून कमीच. आपण कंदमुळे वर्ज्य करतो, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपतो. मग या हिशेबातील तूट कोठून आली? ती आपल्याच घरांतून आली. त्या बाकावरून सर्वच जण उठले नाहीत.

आज थोरली पुण्यात चार्टर्ड अकाउंटंट आहे. धाकटी वस्त्रविद्येचे शिक्षण घेऊन माझ्याच गादीवर बसते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पाणी पेठेत शिरले, तेव्हा तिने नोकरांना घेऊन रात्रभर ताके माळ्यावर चढवले. लोक म्हणतात, मुलगी मुलासारखी निघाली. त्यांचा हेतू चांगला असतो, पण मला ते बोलणे रुचत नाही. तिने दुकान वाचवले नसते, नुसती घाटावर शेळ्यांमागे धावणारी मुलगीच राहिली असती, तरी तिचे असणे मला पुरेसे होते. जीवाची किंमत त्याच्या उपयोगावरून करायची, तर अहिंसेला अर्थ काय राहिला?

शेवटी दोन नम्र विनंत्या. एक ट्रस्टला. आपल्या कुटुंबनोंद वहीत मुलीचे नाव तिचे लग्न झाले की कापले जाते. ते कापू नये, आणि प्रत्येक जन्माची नोंद बस्तीत सारख्याच सन्मानाने वाचली जावी. दुसरी तरुण व्यापारी बांधवांना. आठवड्यातील एक तिसरा प्रहर मुलांना द्या. धंदा थोडा कमी होतो, हे मी अनुभवाने सांगतो. वडील माझ्यावर रागावले होते, पण पुढे पुढे तेही रविवारी टोपी घालून स्कूटरची वाट पाहत उभे राहू लागले. चौघांत पाचवा मावत नसे, म्हणून मी त्यांच्यासाठी रिक्षा करू लागलो.

दोन्ही मुलींची, त्यांच्या आईची, आणि त्या बाकाची गोष्ट इतकी वर्षे लपवून ठेवल्याबद्दल आपणा सर्वांची मी मनःपूर्वक क्षमा मागतो. उत्तम क्षमा. जय जिनेन्द्र.