धंद्यात धर्म पाळणारा माणूस : जॉर्ज कॅडबरी



ठाण्यात पूर्व द्रुतगती महामार्गावर कॅडबरी जंक्शन आहे. रिक्षावाल्याला एवढं नाव सांगितलं की पुरतं. शेजारच्या चॉकलेटच्या कारखान्यामुळे ते नाव पडलं. हे आडनाव ज्या इंग्रज घराण्याचं, त्यातल्या एका माणसाविषयी मी आज बोलणार आहे. त्यांचं नाव जॉर्ज कॅडबरी. १८३९ साली बर्मिंगहॅममध्ये त्यांचा जन्म झाला आणि १९२२ साली ते गेले. मोठा कारखानदार, अकरा मुलांचा बाप आणि मनापासून श्रद्धाळू ख्रिस्ती, अशा तिन्ही नात्यांनी ते एकच आयुष्य जगले. रविवारचा धर्म वेगळा आणि सोमवारचा धंदा वेगळा, अशी वाटणी त्यांनी केली नाही.

कॅडबरी घराणं क्वेकर पंथाचं. ख्रिस्ती धर्मातला हा लहानसा पंथ. त्यांच्या प्रार्थनासभेत सगळे शांत बसतात. ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल तो उठून बोलतो. ते शपथ घेत नाहीत आणि युद्धात उतरत नाहीत. इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांची दारं त्यांना बराच काळ बंद होती, म्हणून पुष्कळ क्वेकर व्यापारात शिरले. घासाघीस न करता एकच भाव सांगायचा, ही त्यांची रीत. एखाद्याने दिवाळं काढलं तर पंथाची मंडळी त्याला जाब विचारत, प्रसंगी पंथाबाहेर काढत. दुसऱ्याचे पैसे बुडवणं हे त्यांच्या लेखी पापच होतं.

जॉर्जचे वडील जॉन यांनी १८२४ साली बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर दुकान टाकलं. चहा, कॉफी आणि पिण्याचा कोको विकायचा, म्हणजे माणसं दारूपासून दूर राहतील, ही त्यांची भावना. पुढे कोकोचा कारखाना निघाला. पण पत्नीच्या निधनानंतर जॉन खचले आणि धंदा बसत गेला. १८६१ साली रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांनी तो हाती घेतला. रिचर्ड पंचविशीचे, जॉर्ज एकवीस वर्षांचे. आईकडून आलेला वारसा दोघांनी कारखान्यात घातला आणि तोही आटत चालला. धंदा बुडालाच तर जॉर्जनी हिंदुस्थानात चहाच्या मळ्यावर जायचं, इथपर्यंत विचार झाला होता. या काळात जॉर्जनी चहा, कॉफी सोडली, सकाळचं वर्तमानपत्रसुद्धा बंद केलं. रिचर्डचं लग्न झालं होतं; जॉर्जनी मात्र धंदा सावरेपर्यंत लग्नाचा विचार बाजूला ठेवला.

तो धंदा कशाने सावरला ते ऐकण्यासारखं आहे. कोकोच्या बियांत जवळजवळ निम्मा अंश चरबीचा असतो. नुसता कोको पाण्यात उकळला तर वर तेलकट तवंग येतो. ती चरबी शोषून घ्यायला बहुतेक उत्पादक कोकोत साबुदाण्याचं किंवा बटाट्याचं पीठ मिसळत. कॅडबरीही मिसळत असत. हॉलंडमधल्या व्हॅन हाउटन यांच्याकडे ही चरबी दाबून काढणारं यंत्र होतं. जॉर्जना डच भाषा येत नव्हती, तरी ते तिकडे गेले आणि ते यंत्र विकत घेऊन आले. १८६६ साली कॅडबरींनी निर्भेळ कोको बाजारात आणला. शुद्ध आहे म्हणूनच सर्वोत्तम आहे, अशी त्याची जाहिरात होती. त्याच सुमारास इंग्लंडात खाद्यपदार्थांतल्या भेसळीवरून मोठी चळवळ चालू होती आणि १८७२ व १८७५ साली भेसळीविरुद्ध कायदे झाले. डब्यात काय आहे ते गिऱ्हाइकाला खरं कळलं पाहिजे, ही बाजू कॅडबरींनी उघडपणे घेतली. त्यात त्यांचा फायदा होता हे तर खरंच. पण ज्या मिश्रणावर आपलाही कारखाना चालत आला, त्याविरुद्ध बोलायला धाडस लागतं, आणि ते त्यांनी दाखवलं.

आता रविवारकडे येऊ. बर्मिंगहॅमच्या सेव्हर्न स्ट्रीटवर क्वेकरांची प्रौढांसाठी शाळा होती. तिथे रविवारी सकाळी लवकर मजूर जमत, लिहा-वाचायला शिकत, बायबल वाचत. जॉर्ज तरुणपणी तिथे शिकवायला लागले ते जवळजवळ पन्नास वर्षं शिकवत राहिले. कारखाना मोठा झाला, केस पांढरे झाले, तरी वर्ग सुटला नाही. वर्गातला कुणी आजारी पडला की ते त्याच्या घरी जात. त्या घरांत त्यांनी काय पाहिलं? पाठीला पाठ लावून बांधलेल्या खोल्या, एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जायची सोय नाही, साऱ्या वाड्याला मिळून एक नळ, आणि कोपऱ्यावर दारूचा गुत्ता. माणूस सुधारायचा तर आधी त्याचं घर सुधारलं पाहिजे, हे त्यांना त्या भेटींनी शिकवलं.

१८७९ साली भावांनी कारखाना शहराबाहेर मोकळ्या शेतांत नेला आणि त्या जागेचं नाव बोर्नव्हिल ठेवलं. पुढे शेजारची जमीन घेऊन १८९५ पासून जॉर्जनी तिथे वसाहत बांधायला सुरुवात केली. घराने जागेचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग व्यापायचा नाही, उरलेली बाग राहायची, असा नियम केला. भाडेकरू राहायला येण्याआधीच बागेत सफरचंदाची, नासपतीची रोपं लावलेली असत. घरं फक्त आपल्या कामगारांपुरती ठेवली नाहीत, बाहेरचेही तिथे राहू शकत. १९०० साली त्यांनी ही सगळी वसाहत, तीनशेहून अधिक घरं आणि तीनशे तीस एकरांच्या आसपासची जमीन, विश्वस्त संस्थेच्या नावे करून दिली. त्यावरचा स्वतःचा आणि मुलाबाळांचा हक्क कायमचा सोडला. घरांच्या भाड्यातून जे उत्पन्न येईल ते आणखी घरं बांधण्यासाठी वापरायचं, अशी व्यवस्था केली.

घरी ते कसे होते? पहिली पत्नी मेरी १८८७ साली गेली, मागे पाच मुलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एलिझाबेथ टेलर यांच्याशी विवाह केला आणि आणखी सहा मुलं झाली. एलिझाबेथबाई स्वतः समाजकार्यातल्या. पुढे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, कलकत्त्याच्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेला त्या ब्रिटिश शिष्टमंडळ घेऊन आल्या होत्या. या घरात सकाळी नोकरचाकरांसह सगळे प्रार्थनेला बसत. उन्हाळ्यात गलिच्छ वस्त्यांमधली हजारो मुलं त्यांच्या आवारात खेळायला येत. आवारात पोहण्यासाठी उघडा हौद बांधला होता, आणि ज्यांनी नळाखेरीज पाणी पाहिलं नव्हतं अशी मुलं त्यात डुंबत. एवढ्या मुलांना खायला घालण्यासाठी एक मोठी कोठीही उभी केली होती. आपली मुलं आणि दुसऱ्याची मुलं एकाच हिरवळीवर खेळली पाहिजेत, हे त्या घराचं वळण होतं.

त्यांच्या श्रद्धेच्या कसोट्याही आल्या. बोअर युद्धाच्या वेळी राणी व्हिक्टोरियाने सैनिकांसाठी चॉकलेटच्या डब्यांची मागणी नोंदवली. युद्धावर नफा कमवायचा नाही म्हणून कॅडबरींनी त्या कामावर नफा घेतला नाही आणि डब्यांवर आपलं नावही घातलं नाही. १९०१ साली जॉर्जनी ‘डेली न्यूज’ हे वर्तमानपत्र घेतलं. त्यातून युद्धाला विरोध केला, म्हाताऱ्या मजुरांच्या पेन्शनची मागणी लावून धरली.

पण एका कसोटीत ते कमी पडले, आणि तेही सांगितलं पाहिजे. पोर्तुगालच्या ताब्यातल्या साओ तोमे बेटावर मळ्यांमधले मजूर गुलामांसारखे राबवले जात होते, आणि तिथला कोको कॅडबरी घेत होते. १९०१ साली ही गोष्ट कंपनीच्या कानावर आली. चौकशी झाली, माणसं पाठवली, सरकारकडे आर्जवं केली; खरेदी बंद झाली ती १९०९ साली. त्यावरून एका वर्तमानपत्राने झोड उठवली. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, तो जिंकलाही, पण ज्यूरीने भरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. त्या आठ वर्षांचा जाब जॉर्ज कॅडबरींच्या चरित्राला द्यावाच लागतो. आपला माल कुणाच्या घामातून येतो, हा प्रश्न लांबच्या मजुरांबद्दलही तितक्याच तातडीने विचारायला हवा होता. तरी हा प्रश्न दडपून न टाकता अखेर माल घेणं थांबवलं, हेही खरं.

आपल्याकडे तुकोबांनी धन मिळवायला ना म्हटलेलं नाही. ते कोणत्या मार्गाने मिळवलं इकडे त्यांचं लक्ष होतं. जॉर्ज कॅडबरींनी याच बाजूने श्रद्धेचा हिशेब ठेवला. दान त्यांनी खूप केलं; त्यांचं जुनं राहतं घर, वुडब्रुक, त्यांनी १९०३ साली क्वेकरांच्या अभ्यासकेंद्रासाठी दिलं. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या काळात गांधीजी तिथे राहून गेले. पण मला दानाहून मोलाची वाटते ती त्यांची कमाई: भेसळ न करता विकलेला कोको, शनिवारची अर्धी सुट्टी, कामगारांना पेन्शन, कोवळ्या पोरांना कामाच्या वेळात शिक्षण.

२४ ऑक्टोबर १९२२ रोजी ते वारले. बोर्नव्हिलच्या हिरवळीवर त्यांना निरोप द्यायला सोळा हजारांच्या आसपास माणसं जमली. २०१० साली कॅडबरी कंपनी एका अमेरिकन कंपनीने विकत घेतली. बोर्नव्हिलची विश्वस्त संस्था मात्र आजही तिथली घरं सांभाळते आहे. जे त्यांनी स्वतःजवळ ठेवलं नाही ते कुणाला विकत घेता आलं नाही.

आज हे भाषण ऐकणाऱ्यांत दुकान चालवणारे असतील, लहानमोठे कारखाने चालवणारे असतील. आपला धर्म कोणताही असो. आपण विकतो त्यात काय आहे, आपल्याकडे राबणारा माणूस कसल्या खोलीत झोपतो आणि आपला कच्चा माल कुणाच्या कष्टातून येतो, हे तीन प्रश्न देवासमोर बसताना मनात येऊ द्यावेत. जॉर्ज कॅडबरींनी पहिल्या दोन प्रश्नांना आयुष्यभर उत्तर दिलं. तिसऱ्याचं उत्तर द्यायला त्यांना उशीर झाला. आपल्याला तो होऊ नये.