अडलेल्या जहाजाचा फोटो पाठवा

ठाकुर्लीतून बोलतोय. आज विषय जहाजांच्या मॉडेल्सचा आणि ती करताना एकमेकांना धीर देण्याचा.

आपल्या शेजारीच कल्याणची खाडी. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच भागात जहाजबांधणीला हात घातला. त्यामुळे आपल्यातल्या कुणाला गुराब किंवा गलबताचं मॉडेल करावंसं वाटलं, तर नवल नाही. पण बरीच मॉडेल्स फळ्या लावतानाच अडकतात. एका बाजूच्या सगळ्या फळ्या आधी चिकटवल्या की जहाजाचा कणा पिळतो. मग ते माळ्यावर जातं, ते कायमचंच.

ग्रुपवर असा फोटो आला की आपण लिहितो, ‘भारी रे भावा!’ बरं वाटतं, पण जहाज पुढे सरकत नाही. त्यापेक्षा असं लिहा: ‘नाळेचा बाक मस्त जमलाय. आता एक फळी डावीकडे, एक उजवीकडे अशी लाव. वाकवण्याआधी पट्टी गरम पाण्यात भिजव.’

‘आयएनएसव्ही कौंडिण्य’च बघा. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून ते बांधलं. मूळ आराखडे नव्हतेच. केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या, आयआयटी मद्रासने मॉडेलवर चाचण्या केल्या, बांधणी गोव्यात झाली. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. एकट्यादुकट्याचं काम नव्हतंच ते.

तेव्हा माळ्यावरचं जहाज खाली काढा. जिथे अडलंय, नेमका तिथलाच फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात!