चौदा दिवसांचे औषध



आज आपण पोटाच्या एका दुखण्याविषयी बोलणार आहोत. पोट रिकामे असले की कळ येते. रात्री जाग येते. छातीखाली जळजळ होते. चार घास खाल्ले की बरे वाटते, मग पुन्हा दुखू लागते. आपण म्हणतो, "पित्त झाले असेल." सोडा घेतो आणि दिवस ढकलतो. पण कधी कधी ते नुसते पित्त नसते. पोटाच्या आतल्या बाजूला जखम झालेली असते. या जखमेला अल्सर म्हणतात.

ही जखम कशाने होते? पूर्वी डॉक्टरही म्हणत, तिखटाने होते, काळजीने होते. आपला अहिल्यानगर जिल्हा ठेचा-भाकरीचा. तेव्हा सगळा दोष ठेच्याला! तिखटाने जळजळ वाढते, हे खरे. पण मूळ बहुतेक वेळा दुसरे असते. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल हे दोन डॉक्टर होते. रोग्यांच्या पोटातला एक नागमोडी जंतू त्यांनी १९८२ साली वाढवून दाखवला. लोकांना पटेना. म्हणून १९८४ साली मार्शल यांनी ते जंतू स्वतः पिऊन पाहिले. थोड्याच दिवसांत त्यांच्या पोटाला आतून सूज आली. पुढे २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूला डॉक्टर एच. पायलोरी म्हणतात.

अल्सरचे दुसरे मोठे कारण म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. ऊस तोडून कंबर मोडते, मग दुकानातून गोळी आणून घेतली जाते. रोज रोज असे केले तर पोटाला जखम होते. म्हणून आधी तपासणी करावी. शी तपासून, श्वास तपासून किंवा दुर्बिणीने पोट पाहून जंतू आहे की नाही ते कळते.

जंतू सापडला तर डॉक्टर एक नव्हे, तीन-चार औषधे एकदम देतात. एक गोळी पोटातले आम्ल कमी करते. ती बहुधा जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. बरोबर दोन प्रकारची जंतू मारणारी औषधे असतात. कधी जोडीला बिस्मथ नावाचे औषधही देतात. "एवढ्या गोळ्या कशाला?" असे आम्हाला पुष्कळजण विचारतात. चोराला एका दाराशी अडवले तर तो दुसऱ्या दाराने पळतो. दोन्ही दारे अडवली म्हणजे सापडतो. तसेच हे आहे. म्हणून त्यांतली एकच निवडून घेऊ नये.

हे औषध बहुधा चौदा दिवसांचे असते. चार-पाच दिवसांत पोट दुखायचे थांबते. येथेच माणूस फसतो. "आता बरे वाटते, उरलेल्या गोळ्या ठेवून देऊ," असे म्हणतो. हरळी वरवर खुरपली तर रान स्वच्छ दिसते. काशा मात्र खाली राहतात. पुढच्या पावसाला हरळी पुन्हा वर येते. जंतूचे तसेच आहे. शिवाय उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. मग तेच औषध पुन्हा उपयोगी पडत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून कितीतरी टोळ्या ऊसतोडीला निघतात. निघण्याचा दिवस जवळ असेल तर डॉक्टरांना तसे आधीच सांगा. सगळ्या गोळ्या बरोबर घ्या. फडावर काम आहे म्हणून गोळी चुकवू नका. चुकलीच तर आठवताच घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन वेळच्या एकदम घेऊ नका.

औषध घेण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी न लाजता सांगा. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर पित्त उठले होते का? बाई गरोदर आहे का, अंगावर पाजते का? रक्त पातळ करणारी, हृदयाची, कोलेस्टेरॉलची किंवा फिटची गोळी चालू आहे का? काही औषधांचे एकमेकांशी जमत नाही. मेट्रोनिडॅझोल नावाची गोळी असेल तर दारू बंद. गोळ्या संपल्यावरही तीन दिवस बंदच. टेट्रासायक्लिन असेल तर ती दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये.

औषधाने तोंड कडू होते, थोडे मळमळते, शी पातळ होते. त्याला भिऊ नये. बिस्मथने जीभ व शी काळी होते. औषध संपले की रंग जातो. पण अंगावर पुरळ उठले, तोंड सुजले, धाप लागली किंवा फार जुलाब झाले, तर गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. रक्ताची उलटी झाली, किंवा शी डांबरासारखी काळी व चिकट होऊन चक्कर आली, तर घरी बसू नका. जखमेतून रक्त जात असते. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

औषध संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा. त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद ठेवावी लागते. ती डॉक्टरांना विचारून बंद करा. दुखणे थांबले म्हणजे जंतू मेला, असे नसते. तपासणीत ते कळते.

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षर येत नव्हते. तरी त्या शिकल्या आणि त्यांनी गावाला शिकवले. तुम्हाला तर आता अक्षर येते. गोळीच्या पाकिटावरचे नाव वाचा. मुदतीची तारीख वाचा. भिंतीवर खडूने चौदा घरे आखा. दिवसाच्या सगळ्या गोळ्या घेतल्या की त्या दिवसाच्या घरात फुली करा. चौदावी फुली पडेपर्यंत औषध सोडू नका.